कोंडोर पाहणारे आणि कोंडोर राखणारे

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या अरेकिपा प्रांतात, कोल्का नदीच्या घळईच्या काठावर ‘क्रूस देल कोंडोर’ नावाचे एक दर्शनस्थळ आहे. ‘कोंडोरचा क्रूस’ असा या नावाचा अर्थ. पावसाळा सरला की रोज सकाळी देशोदेशींचे प्रवासी येथे कठड्याला टेकून उभे राहतात. पायाखाली सुमारे १२०० मीटर खोल नदीचे पात्र असते आणि समोर उघडे-बोडके कडे. उन्हाने हे कडे तापू लागले की आठ-नऊच्या सुमारास खालच्या कपारीतून एक काळा ठिपका सुटतो, वर्तुळे घेत वर चढतो, आणि पाहता पाहता तीन मीटरहून अधिक पंखविस्ताराचा तो पक्षी कठड्याच्या इतक्या जवळून निघून जातो की, त्याच्या पंखांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाजही ऐकू यावा. दहा-साडेदहापर्यंत सारे आटोपते. प्रवाशांच्या गाड्या परतीच्या वाटेला लागतात.

वन्य प्राणी त्यांच्या अधिवासात जाऊन पाहणे हा गेल्या काही दशकांत जगभर एक मोठा व्यवसाय होऊन बसला आहे. या व्यवसायाच्या पाठीशी एक सिद्धांतही उभा केला जातो. जो प्राणी पाहण्यासाठी माणसे पैसे मोजतात, तो प्राणी त्या पैशामुळेच वाचतो, असा हा सिद्धांत. ऐकावयास तो सोपा आहे आणि प्रवाशाच्या मनाला सुखावणाराही आहे. कोल्काच्या काठावर मात्र तो जरा तपासून घ्यावा लागतो. कारण कोंडोरचे जगणे-मरणे या कठड्यापाशी ठरत नाही. ते ठरते कठड्यापासून दूर, चार हजार मीटरांहून उंच अशा गवताळ पठारावर, अल्पाका राखणाऱ्या एखाद्या निर्धन कुटुंबाच्या वाड्यात. प्रवाशाची गाडी त्या पठारावरून जाते खरी. पण ती तेथे थांबते ती छायाचित्रापुरती.

या प्रवासाची वाट जाणून घेतल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. अरेकिपा हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३०० मीटर उंचीवर आहे. एका दिवसात दर्शन उरकू पाहणारे प्रवासी तेथून पहाटे तीनच्या सुमारास निघतात. रस्ता ‘सालिनास इ आग्वादा ब्लांका’ या १९७९ मध्ये घोषित झालेल्या राखीव क्षेत्रातून चढत जातो आणि पातापांपाच्या खिंडीत जवळजवळ ४९०० मीटरांची उंची गाठतो. युरोपातील माँ ब्लां हे शिखरदेखील याहून ठेंगणे. तेथे डोके ठणकू लागते, धाप लागते. स्थानिक लोक कोकाची पाने चघळतात, प्रवाशांना त्यांचा काढा मिळतो. लांबवर आंपातोचे हिमाच्छादित शिखर आणि त्याच्या शेजारी २०१६ पासून पुन्हा धूर व राख ओकू लागलेला साबांकाया ज्वालामुखी दिसतो. मग रस्ता उतरून चिवाय या गावी येतो आणि नदीच्या डाव्या तीराने यांके, आचोमा, माका, पिंचोयो अशी गावे मागे टाकीत दर्शनस्थळी पोहोचतो. पुढे काबानाकोंदे हे गाव.

घळईच्या खोलीविषयी वाटाडे जे सांगतात त्यात उत्साहाचा भाग बराच असतो. अमेरिकेतील ग्रँड कॅनियनच्या दुप्पट खोल, हे वाक्य तर ठरलेलेच. कोल्काची खोली ३२७० मीटरच्या आसपास धरतात आणि ग्रँड कॅनियनची १८५७ मीटर. तेव्हा ‘दुप्पट’ हे काही गणितात बसत नाही. शिवाय अरेकिपा प्रांतातीलच कोताहुआसी नदीची घळई हिच्याहून थोडी अधिक खोल असल्याचे मोजमापांवरून दिसते. तथापि महाराष्ट्रातील वाचकाला अंदाज यावा म्हणून असे म्हणता येईल की, कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचून ती या घळईत उभी केली, तर तिचा माथा जेमतेम काठाला लागेल. एवढे झाल्यावर पहिला क्रमांक कोणाचा, या वादाला फारसा अर्थ उरत नाही.

वादापेक्षा लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. १९३१ मध्ये रॉबर्ट शिपी आणि जॉर्ज जॉन्सन या अमेरिकनांनी विमानातून या दरीची छायाचित्रे घेतली आणि बाहेरच्या जगाला तिचा ‘शोध’ लागला. १९८१ मध्ये पोलंडमधील क्राकुव्हच्या तरुण नाविकांनी घळईतून होड्या नेल्या आणि तिच्या खोलीची कीर्ती झाली. या दोन्ही ‘शोधां’च्या कितीतरी शतके आधीपासून कोयाग्वा आणि काबाना हे लोक या दरीत राहत होते. डोंगराच्या उतारावर त्यांनी दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते रचली. त्यांतील कित्येक इंका साम्राज्याच्याही आधीची आहेत आणि आजही त्यांत मका, बटाटा, किनवा पिकतो. ‘कोल्का’ हा शब्ददेखील धान्याच्या कोठारासाठी असलेल्या केचुआ शब्दावरून आल्याचे सांगतात. म्हणजे ज्या दरीला बाहेरचे जग एक प्रचंड भेग म्हणून ओळखते, तिला तेथील माणसे धान्याचे कोठार म्हणत आली. वरून आणि दुरून पाहणाऱ्याच्या नजरेतून माणूस निसटतो, हे या दरीच्या बाबतीत पहिल्यापासूनच घडत आले आहे.

आता कोंडोरकडे वळावे. प्रौढ नर अकरा ते पंधरा किलो वजनाचा भरतो. इतके वजन पंख मारून उचलणे परवडणारे नाही. म्हणून हा पक्षी कड्यावरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या झोतावर स्वार होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी अर्जेंटिनातील कोंडोरांच्या अंगावर नोंदयंत्रे बसविली, तेव्हा असे आढळले की, उड्डाणाच्या एकूण वेळेपैकी जेमतेम एक टक्का वेळ हे पक्षी पंख हालवितात. एक पक्षी तर पाच तासांहून अधिक काळ एकदाही पंख न मारता सुमारे १७० किलोमीटर तरंगत गेला. क्रूस देल कोंडोर येथे तो सकाळीच का दिसतो आणि तोही माणसांच्या इतका जवळून का जातो, याचे उत्तर यातच आहे. त्याला माणसांचे आकर्षण नाही. त्याला त्या कड्यावरून वर चढणारी हवा हवी असते. कठडा योगायोगाने तेथेच आहे. त्यामुळे प्रवाशांच्या गर्दीने कोंडोर देशोधडीला लागेल ही जी भीती काही निसर्गप्रेमी व्यक्त करतात, ती अवास्तव वाटते. गोंगाटाला आळा अवश्य घालावा, पण खरा धोका तेथे नाही.

खरा धोका त्याच्या अन्नात आहे. कोंडोर शिकार करीत नाही. तो मेलेल्या जनावरांवर जगतो. पूर्वी त्याच्या वाट्याला रानातील ग्वानाको आणि विकुन्या येत, किनाऱ्याकडे उतरल्यास समुद्रसिंहांची कलेवरे मिळत. आज अँडीजच्या फार मोठ्या भागात त्याचा आहार म्हणजे माणसाचीच मेलेली मेंढरे, गुरे, लामा आणि अल्पाका. म्हणजेच हा जो मुक्त, रानटी, माणसाच्या जगापासून अलिप्त भासणारा पक्षी, तो व्यवहारतः पशुपालकाचा आश्रित आहे. वाड्यातले जनावर मेले की त्याला जेवण मिळते. त्या जनावरात विष असले तर त्याला मरण मिळते.

आणि विष असते. पठारावर प्यूमा आणि कोल्हा फिरतात. ज्याच्याजवळ तीस-चाळीस अल्पाका हीच सारी मालमत्ता आहे, त्याचे एक जनावर प्यूमाने मारले तर त्या घरची एका पोराची शाळा किंवा एक औषधपाणी बुडते. अशा वेळी त्या मेलेल्या जनावरातच पिकावर फवारायचे स्वस्त कीटकनाशक घालून ते रानात टाकणे, हा उपाय अँडीजच्या अनेक भागांत केला जातो. प्यूमा पुन्हा तेथे येईलच असे नाही. पण कोंडोर येतोच, आणि तो एकटा येत नाही. एकाला उतरताना पाहून दुसरा येतो, दुसऱ्याला पाहून दहावा. समूहाने जेवण्याची ही सवय त्याचा घात करते. २०१८ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतात एकाच ठिकाणी ३४ कोंडोर विषाने मेलेले सापडले. २०२१ च्या फेब्रुवारीत बोलिव्हियाच्या तारिखा भागात पुन्हा ३४.

चौतीस हा आकडा चिमण्यांच्या बाबतीत क्षुल्लक ठरला असता. कोंडोरची जोडी साधारणतः दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालते. पिलू सहा महिन्यांनी उडू लागते, तरी पुढे कित्येक महिने आईबापांवर अवलंबून असते आणि प्रजननक्षम होण्यास त्याला सहा-सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. दुसरीकडे वाचलेल्या सतरा जोड्यांनी एकही अंडे न दवडता पिले वाढविली, तरी चौतीस पिलांना चार वर्षे लागतील. ती मोठी होण्यास आणखी सहा-सात. एका सकाळी एका मेंढराने केलेले नुकसान भरून निघण्यास दहा वर्षांचे निर्विघ्न आयुष्य हवे, असा हा हिशेब आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०२० मध्ये कोंडोरला ‘असुरक्षित’ जातींच्या वर्गात टाकले. प्रौढ पक्ष्यांची संख्या साऱ्या खंडात मिळून सुमारे ६७०० असावी, असा अंदाज आहे.

या पशुपालकाला खलपुरुष ठरवून मोकळे होणे शहरातल्या माणसाला सोपे जाते. त्याचा राग निराधार नाही. कोल्का खोऱ्यातील माणसांना बाहेरच्या विकासाचा जो अनुभव आला आहे तोही विसरता येणार नाही. १९७० नंतरच्या काळात पेरूच्या शासनाने कोल्काचे पाणी बोगद्यांतून आणि कालव्यांतून किनाऱ्याजवळच्या माखेस या वाळवंटी पठाराकडे वळविले. कालवा काबानाकोंदेच्या डोक्यावरून गेला; गावाच्या पायऱ्यांची शेते मात्र कोरडीच राहिली. अखेर १९८३ मध्ये गावकऱ्यांनी कालव्याला भोक पाडून पाणी घेतले, आणि त्यानंतरच शासनाला गावाचा पाण्यावरील हक्क मान्य करावा लागला. धरणाच्या भिंतीकडे पाहत तहानलेली राहिलेली गावे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. तेव्हा या प्रसंगाचे मर्म येथील वाचकाला अधिक सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या डोक्यावरून पाणी गेले, त्यांच्याच डोक्यावरून आता कोंडोरचा पैसाही जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

तो जाऊ नये यासाठी काय करावे याचे उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. चिवायच्या वाटेवर प्रवासी गाडी थांबवून ज्यांची छायाचित्रे घेतात, ते सोनेरी लोकरीचे नाजूक विकुन्या हेच ते उदाहरण. पेरूच्या राजमुद्रेवर विराजमान असलेला हा प्राणी १९६० च्या दशकात लोकरीसाठी होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळे पेरूत काही हजारांवर आला होता. १९६७ मध्ये पांपा गालेरास येथे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र निर्माण झाले, पुढे आंतरराष्ट्रीय करार झाले. या उपायांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु १९९५ च्या कायद्याने आपापल्या जमिनीवरील विकुन्यांच्या लोकरीचा हक्क गावांना मिळाला, तेव्हा पठारावरच्या माणसाचा या प्राण्याशी असलेला संबंधच पालटला. ‘चाक्कू’ ही इंका काळापासूनची प्रथा नव्या व्यवस्थेचा आधार झाली. सारे गाव हातात दोर धरून साखळी करते, विकुन्यांना हाकीत कुंपणात आणते, लोकर कातरते आणि त्यांना जिवंत सोडून देते. २०१२ च्या गणनेत पेरूतील विकुन्यांची संख्या दोन लाखांवर गेल्याचे आढळले. परदेशातील दुकानांत या लोकरीच्या कोटाला मिळणारी किंमत आणि गावाच्या हाती पडणारी रक्कम यांतील तफावत अजूनही लाजिरवाणी आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण मेलेल्या विकुन्यापेक्षा जिवंत विकुन्या अधिक लाभाचा, एवढे तरी गावाला पटले आहे.

कोंडोरची अडचण अशी की, त्याची लोकर कातरता येत नाही. तो पठारावरच्या कुटुंबाला काहीच देत नाही. तो कठड्यावरच्या प्रवाशाला आनंद देतो, हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक देतो, गाडीवाल्याला भाडे देतो. ज्याच्या मेलेल्या जनावरावर तो जगतो, त्याच्या पदरात पडते ते फक्त आकाशातले दर्शन. आणि तेही त्याने मागितलेले नसते.

भारतीय वाचकाने या प्रश्नाकडे दूरदेशीचे कुतूहल म्हणून पाहू नये, याला सबळ कारण आहे. कोंडोर आणि आपले गिधाड यांचे कूळ एक नव्हे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते दूरचेच. धंदा मात्र एक, आणि दोघांची दुबळी बाजूही एकच. १९९० च्या सुमारास गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की काही घटकांत गिधाडांची झुंड उतरत असे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादेच उरले. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. त्याच जातीचा धोका असलेल्या केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक या औषधांवर बंदी येण्यास मात्र २०२३ साल उजाडावे लागले आणि निमेसुलाइडवर २०२४ ची अखेर. जटायूची कथा सांगणाऱ्या देशात गिधाड पाहण्यासाठी कोणी तिकीट काढीत नव्हते हे खरे. पण तिकीट काढले असते तर गिधाडे वाचली असती काय? सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून लाखो माणसांनी गिधाडांचे कौतुक केले असते, तरी त्यामुळे गोठ्यातल्या गाईला दिली जाणारी सुई बदलली नसती. आपल्याकडे विष शेतकऱ्याने द्वेषाने घातले नव्हते, तिकडे ते रागाने घातले जाते. एवढा फरक सोडला तर दोन्हीकडे निर्णय मेलेल्या जनावरापाशीच होतो.

म्हणूनच रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यात किंवा नाशिककडील हरसूलच्या परिसरात, गिधाडांसाठी औषधमुक्त मृत जनावरे ठेवण्याचे जे प्रयोग झाले, ते दिसावयास ओंगळ असले तरी विचाराने अचूक आहेत. तेथे गावकऱ्याशी बोलावे लागते, जनावर कशाने मेले याची चौकशी करावी लागते, ते वाहून आणावे लागते. यात छायाचित्र काढण्याजोगे फार थोडे असते. जुन्नर भागात बिबट्याने शेळी-मेंढी मारली की वनखात्याकडून भरपाई देण्याची जी पद्धत आहे, तीही याच विचारातली. तिच्यात दिरंगाई आहे, कागदपत्रांचा जाच आहे, मेंढपाळाच्या तक्रारी आहेत. तरीही नुकसान एकट्या मेंढपाळाने सोसायचे नाही, हे तत्त्व तिने स्वीकारलेले आहे.

कोल्काच्या खोऱ्यात हे तत्त्व लागू करण्यासाठी नवे काही शोधून काढावे लागणार नाही. तेथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला एक पर्यटन-तिकीट घ्यावे लागते. त्याची वसुली ‘आउतोकोल्का’ ही खोऱ्यासाठीच स्थापन झालेली स्वायत्त संस्था करते, राजधानी लिमातील एखादे खाते नव्हे, ही मोठीच जमेची बाजू. आपल्याकडील कित्येक अभयारण्यांच्या दारात जमा होणाऱ्या पैशाविषयी असे म्हणता येत नाही. परंतु दरीतील गावे आणि वरचे पठार हे दोन वेगळे प्रदेश आहेत. रस्ता, दर्शनस्थळ, खाणावळी, भरतकामाच्या टोप्या विकणाऱ्या स्त्रियांचे पाल हे सारे दरीत, प्रवाशाच्या वाटेवर आहे. अल्पाकांचे वाडे त्या वाटेपासून दूर आहेत. तेथवर ना प्रवासी पोहोचतो, ना त्याचे नाणे.

तिकिटाच्या उत्पन्नातून ठरावीक हिस्सा बाजूला काढून प्यूमाने मारलेल्या प्रत्येक जनावराची भरपाई त्या कुटुंबाला महिन्याच्या आत द्यावी. अट एकच, ते कलेवर विष न घालता उघड्यावर सोडावे. रात्री जनावरे बंदिस्त ठेवण्यासाठी दगडी वाडे उंच करावयास आणि राखणीची कुत्री पाळावयास साह्य द्यावे. खोटे दावे येतील, हा आक्षेप लगेच घेतला जाईल. ते येतीलच. पण एका अल्पाकाचा खोटा दावा आणि चौतीस कोंडोर यांत महाग काय, हे ठरविण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. प्रवाशाने जादा पैसे का द्यावेत, असा दुसरा आक्षेप असेल. तो जो पक्षी पाहण्यास पहाटे तीनला उठला, त्या पक्ष्याचे जेवण आजवर दुसराच कोणी पुरवीत आला आहे. त्याचे बिल आता प्रवाशापुढे ठेवले जाते, इतकेच.

या तिकिटाचे दर परदेशी पाहुण्याला वेगळे, लॅटिन अमेरिकेतील शेजाऱ्याला वेगळे आणि पेरूच्या नागरिकाला वेगळे आहेत. म्हणजे कोणी किती भार उचलावा याचे रकाने तेथील हिशेबवहीत आधीपासूनच आखलेले आहेत. जमेच्या बाजूला जेथे इतके रकाने चालतात, तेथे खर्चाच्या बाजूला पठारावरच्या मेलेल्या अल्पाकासाठी आणखी एक आखणे अवघड नाही.